पट्टेवालीचं पाणी

कुलूपवाल्यांना घरात ठेवून मुलगा आणि सून दाराला कुलूप लावून कामावर जायचे. यात हसण्यासारखं खरं तर काहीच नाही. पण समोरच्या दारातल्या निवृत्त नर्सबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या खो खो हसल्या, आणि मग वाईट वाटून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

जन्मभर या माणसानं दुसऱ्यांची दारं उघडून दिली होती. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक लाकडी पेटी, किल्ल्या घासायचं यंत्र आणि डोक्यावर छत्री. किल्ली आत आणि आपण बाहेर अशी गत झालेली माणसं धापा टाकत यायची. कुणाचं दूध गॅसवर असायचं, कुणाचं लेकरू आत रडत असायचं. कुलूपवाले मात्र आधी एकच विचारायचे, ‘‘घर कुणाचं?’’ ज्याचं घर तो शेजारी उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. एकदा एक जावई सासऱ्यांचं घर उघडून मागायला आला. ‘‘सासऱ्यांना घेऊन या,’’ कुलूपवाले म्हणाले. जावयानं तोंडाला येईल ते ऐकवलं, पण हे ढिम्म. शेवटी सासरेबुवा स्वतः आले, तेव्हा कुठे यांनी पिशवीतून तारा काढल्या आणि जावयाचं बोलणं संपायच्या आत दार उघडलं.

त्यांचा दुसरा नियम गिऱ्हाइकांना आणखी त्रासाचा होता. कधी लागतं आणि कधी लागत नाही असं कुलूप ते दुरुस्त करून देत नसत. ‘‘मुळीच लागत नाही ते कुलूप बरं,’’ ते म्हणायचे. ‘‘माणूस सावध तरी राहतो. जे बहुतेक वेळा लागतं ना, ते घात करतं.’’ असं कुलूप ते परत हातात ठेवायचे आणि नवीन घ्यायला सांगायचे. गिऱ्हाईक कुरकुरत निघून जायचं, आणि बायको घरी म्हणायची, ‘‘तुमच्या तत्त्वांचं सार करून प्यायचं का आता?’’

बायको गेली. हात थरथरू लागले. मुलानं पेटी विकून टाकली आणि बापाला चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी आणलं. इथवर सगळं चारचौघांसारखंच. मग एका संध्याकाळी कुलूपवाले ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. मुलानं सगळं गाव पालथं घातलं. शेवटी ते बाजाराच्या तोंडाशी सापडले, जुन्या जागी, जिथे आता मोबाइलचं दुकान झालं होतं, तिथल्या पायरीवर.

‘‘सहज आलो होतो रे. जागा बघायला,’’ ते म्हणाले.

मुलाचा विश्वास बसलाही असता. पण मोबाइलवाल्यानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘आजोबा मघापासून विचारतायत, माझी पेटी कुठे ठेवलीत म्हणून.’’

दुसऱ्या दिवसापासून कुलूप लागलं.

त्या कुलपाचीही एक गंमत होती, अर्थात कुलूपवाल्यांना ती गंमत वाटत नसे. मुलानं घर घेतलं तेव्हा ते कुलूप त्यांनीच निवडलं होतं आणि त्यांनीच बसवलं होतं. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं. चोर खिडकीतून आत शिरला तरी त्याला सामान घेऊन दारातून जाता येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. आता चोर कुठेच नव्हता आणि हिशेब मात्र चोख होता. त्यांची जुनी पिशवी अजून खाटेखाली होती. दोन तारा घेतल्या असत्या तर हात कितीही थरथरत असला तरी चहा निवायच्या आत त्यांनी ते दार उघडलं असतं.

‘‘मग उघडा की!’’ नर्सबाई दारापलीकडून म्हणायच्या. दुपारी त्या आपल्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि हे आतल्या बाजूला स्टूल ओढून बसायचे. मधल्या लाकडी फळीतून दोघांच्या गप्पा चालायच्या.

‘‘घर मुलाचं आहे. मालक शेजारी नाही.’’

‘‘अहो, तुमचाच मुलगा ना तो?’’

‘‘म्हणूनच.’’

नर्सबाईंकडे एक किल्ली ठेवलेली होती, काही कमीजास्त झालं तर उघडायला. याचाही कुलूपवाल्यांना राग होता. घरात आपण, आणि किल्ली समोरच्या घरात. त्यांना हवं होतं ते एवढंच, की मुलानं एक दिवस आपण होऊन किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवावी आणि म्हणावं, ‘बाबा, ही तुमची.’ तारांनी दार उघडलं असतं, पण हे मिळालं नसतं.

त्यांच्या खोलीत ते एकटे नव्हते. सूनबाईची झाडं होती. फुलांची नव्हेत, नुसत्या पानांची. प्रेयर प्लांट म्हणतात त्यांना. संध्याकाळ झाली की त्यांची पानं हळूहळू उभी राहतात आणि हात जोडल्यासारखी मिटतात, सकाळी पुन्हा पसरतात. सूनबाईला या झाडांचं वेड होतं. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे वासलेले जबडे बघून आलेली ती बाई घरी आली की आधी पानं पुसायची आणि मग चप्पल काढायची. ऊन नको, वारा नको, नळाचं पाणी नको, कोरडी हवा तर नकोच. म्हणून घरातली सगळ्यात कमी उन्हाची खोली त्यांना दिली होती, आणि तीच कुलूपवाल्यांची खोली. खिडकी बंद. कोपऱ्यात एक यंत्र दिवसभर गार वाफ सोडत असायचं. ‘‘यांना आणि मला, दोघांनाही बाहेरची हवा वर्ज्य,’’ कुलूपवाले म्हणायचे. सूनबाई कसनुसं हसायची.

सुरुवातीला त्यांना ती झाडं डोळ्यांसमोर नकोशी व्हायची. पण कोंडलेला माणूस किती दिवस भिंतीकडे बघणार? बघता बघता ती ओळखीची झाली. झाडांची खरी नावं लांबलचक आणि जीभ वळणार नाही अशी, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. हिरव्या पानावर लाल शिरा उमटलेली ती शिरावाली. पानावर दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपके, जणू ओल्या पायांचा ससा चालत गेलाय, ती पावलंवाली. लांब, कडेला झालर असलेली आणि खालून जांभळी, ती झालरवाली. आणि सगळ्यांत मोठी, ताटलीएवढ्या गोल पानांवर रुपेरी पट्टे ओढलेली, ती पट्टेवाली. संध्याकाळी घर अगदी गप्प असलं की पानं उठताना एकमेकांना घासायची आणि त्यांचा आवाज यायचा, कुणी शेजारच्या खोलीत कागद हळूच उलटावा तसा. तो आवाज ऐकला की कुलूपवाल्यांना बरं वाटायचं. आता मुलगा-सून येतील, दार उघडेल.

एके दिवशी जेवताना त्यांनी विषय काढलाच. ‘‘किल्ली कधी देणार मला?’’

मुलगा ताटात बघत राहिला. बोलली ती सूनबाई. ‘‘बाबा, असं करू या का? झाडांचं पाणी तुमच्याकडे. चार दिवसांआड, प्रत्येकीला अर्धा पेला, झाकलेल्या बादलीतलं. महिनाभर नीट सांभाळलंत की किल्ली तुमची. काय हो?’’

‘‘चालेल,’’ मुलगा म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं.

कुलूपवाल्यांना मनातून अपमान वाटला. या वयात परीक्षा, आणि तीही कुंडीतल्या झाडांसमोर! पण किल्ली म्हणजे किल्ली. त्यांनी हे काम अंगावर घेतलं ते कुलपाच्या कामासारखंच. ठरल्या दिवशी सकाळचा चहा झाला की पेला काढायचा, बादलीवरचं झाकण उचलायचं, कडेकडेनं पाणी सोडायचं. पानावर धूळ दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायची, खालून हाताचा आधार देऊन, सूनबाई करते तशी. नर्सबाईंना ते दारातून बातम्या द्यायचे. ‘‘शिरावालीला नवं पान येतंय. सुरळी झालीय.’’ ‘‘अभिनंदन,’’ नर्सबाई म्हणायच्या, ‘‘मुलगा की मुलगी?’’

आणि मग पट्टेवाली बिघडली.

आधी एक पान पिवळं पडलं. मग दुसरं. मग एका संध्याकाळी सगळ्या झाडांची पानं उभी राहिली आणि पट्टेवालीची तशीच लोंबत राहिली. कुलूपवाले स्टुलावर बसून वाट बघत होते. अंधारून आलं तरी ती उठली नाही. सूनबाईनं येऊन देठ दाबून पाहिला, तो बोटाखाली पिचला. कुंडीतून कुजका वास आला.

‘‘बाबा, पाणी फार झालंय. किती वेळा घातलंत?’’

‘‘एकदाच. ठरल्या दिवशी.’’

‘‘नक्की?’’

मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. तो ज्या नजरेनं बघत होता ती नजर कुलूपवाल्यांनी त्या पायरीवर पाहिली होती, मोबाइलवाल्याशी बोलून तो परत आला तेव्हा.

‘‘एकदाच,’’ ते पुन्हा म्हणाले. आवाज मात्र खाली गेला होता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कुलपाचा जाच त्यांनी सोसला होता, कारण आपण बरोबर आहोत आणि बाकीचे चूक, हा भरवसा होता. आता तोही डळमळला. मातीला हात लावून बघावं तर ती ओली, आणि आपण कधी पाणी घातलं ते आठवू लागावं तर सगळ्या सकाळी एकसारख्याच. तोच चहा, तोच पेला, तीच बंद खिडकी. आपण घातलं असेल का? घालून विसरलो? विसरून पुन्हा घातलं? दाराला निदान किल्लीचं भोक तरी होतं. डोक्यातल्या या खोलीला तेही नव्हतं. त्यांचं जेवण कमी झालं. नर्सबाई हाका मारायच्या तर ते ‘डोकं दुखतंय’ म्हणून खाटेवर पडून राहायचे.

शेवटी त्यांना वाचवलं ते त्यांच्या धंद्यानं. अडकणाऱ्या कुलपात तेल घालत नाहीत, तेलानं धूळ चिकटते. शिसपेन्सिलीची पूड घालतात. त्यांच्या पिशवीत तिची डबी होती. एका संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास त्यांनी ती काढली आणि प्रत्येक कुंडीच्या मातीवर चिमूटभर पूड भुरभुरवली. काळ्या मातीवर बारीक रुपेरी चकाकी दिसू लागली. पाणी पडलं की ती वाहून कडेला जाणार. घालणारा विसरेल, पूड कशी विसरेल?

सकाळी ते जागे झाले तेव्हा खोलीत कुणीतरी होतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पावलं चवड्यांवरची, हलकी. पेला बादलीत बुडाल्याचा आवाज आला, मग कुंडीत पाणी पडल्याचा. मग दुसऱ्या कुंडीत. कुलूपवाले अंगावरच्या पांघरुणाखाली मुठी आवळून पडून राहिले. त्यांना रडू येत होतं आणि ते आनंदाचंच होतं, याची त्यांना लाज वाटली नाही.

चहाच्या वेळी त्यांनी मुलाला हाताला धरून खोलीत आणलं. शिरावालीच्या आणि पावलंवालीच्या कुंडीतली पूड धुऊन कडेला साचली होती. ‘‘काल संध्याकाळी टाकली. आज माझा पाणी घालायचा दिवस नाही. विचार तुझ्या बायकोला.’’

मागोमाग आलेल्या सूनबाईचा चेहरा पडला. ‘‘बाबा, मला वाटायचं तुम्ही विसरलात. सकाळी हात लावला की माती वरून कोरडी वाटायची. म्हणून मग मी...’’

‘‘आणि मग मी ठरल्या दिवशी पुन्हा. बिचारीला दोघांनी मिळून बुडवली.’’

‘‘आणि त्या दिवशी मी तुमच्यावरच...’’ ती तिथेच पट्टेवालीच्या कुंडीपाशी बसून रडायला लागली. मुलगा उभ्या जागी दोनदा खाकरला. मग आत गेला, परत आला आणि त्यानं किल्ली बापाच्या तळहातावर ठेवली.

‘‘बाबा, ही तुमची. चुकलं आमचं.’’

त्यांनी मनात योजलं होतं अगदी तसंच झालं होतं. त्यांनी किल्ली उजेडात धरून पाहिली. ‘‘किल्ली घासून घेतली पाहिजे जरा,’’ ते म्हणाले. ‘‘दाते बोथट झालेत.’’

त्यानंतर घरातली हवाच बदलली. कुलूपवाले सकाळी स्वतः दार उघडून खाली जायचे, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचे, बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवायचे आणि परत यायचे. नर्सबाईंशी आता दार उघडं ठेवून गप्पा व्हायच्या. ‘‘फळीच बरी होती,’’ नर्सबाई म्हणाल्या, ‘‘तुमचं तोंड दिसत नव्हतं.’’ सूनबाईनं पट्टेवालीचं कुजलेलं सगळं कापून टाकलं, तेव्हा मुळाशी बोटाएवढा कंद धड निघाला. तो तिनं लहान कुंडीत लावला आणि कुंडी सासऱ्यांच्या हातात दिली. ‘‘ही तुमची. मी हात लावणार नाही. पण जपा हं, आता पाणी जास्त झालं तर काही उरणार नाही.’’ काही दिवसांनी त्यातून एक हिरवी सुरळी वर आली. कुलूपवाल्यांनी सवयीनं त्या कुंडीत पूड टाकायचं चालू ठेवलं. आता संशय नव्हता, पण पूड दिसली की जिवाला स्वस्थ वाटायचं.

त्या दिवशीही त्यांनी ती टाकली. मुलगा-सून दोघंही बाहेर पडल्यावर टाकली, हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण दार लावून घेतल्यावर डबी काढली होती. पाणी घालायला अजून दोन दिवस होते. संध्याकाळी खाली एक फेरी मारून ते आले, खोलीत पानांची सळसळ सुरू झाली होती. लहान कुंडीकडे लक्ष गेलं आणि ते थांबले.

पूड नव्हती. ती कडेला साचली होती, आणि खालच्या ताटलीत पाणी तुडुंब भरलं होतं.

आधी राग आला. पुन्हा सूनबाई! मग आठवलं, ती तर पूड टाकायच्या आधीच गेली होती. म्हणजे नर्सबाई? त्यांच्याकडे अजून किल्ली होती. ते तरातरा समोर गेले.

‘‘दुपारी माझ्या घरात आला होतात का?’’

‘‘मी कशाला येऊ?’’ नर्सबाई म्हणाल्या. ‘‘हाक मारली तर तुम्हीच आतून म्हणालात, थांबा, पट्टेवालीला पाणी घालतोय. थोड्या वेळानं पुन्हा मारली, तरी तेच. म्हटलं, आज काय अंघोळ घालताय की काय तिला?’’ त्या हसल्या. मग कुलूपवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसू थांबलं. ‘‘का हो? काय झालं?’’

‘‘काही नाही.’’

त्यांनी ताटलीतलं पाणी ओतून टाकलं. कुंडी तिरकी करून निथळत ठेवली. पेला ओट्यावर पालथा होता, आतून ओला. दुपार आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. जेवण आठवलं, वाफेचं यंत्र भरलेलं आठवलं, मग खाली उतरलेलं आठवलं. मधे काहीच नव्हतं, आणि काही नाही हेसुद्धा जाणवत नव्हतं. सलग वाटत होतं सगळं. खिशातली किल्ली त्यांनी मुठीत धरली आणि खाटेच्या कडेवर बसून राहिले. त्यांना भीती वाटत होती, लहान मुलाला वाटते तशी, आणि ती कुणाला सांगायची तर किल्ली द्यावी लागणार होती. नर्सबाई भोळ्या, त्यांच्या लक्षात आलेलं नाही. माती वाळेल. कुणाला कळणार आहे?

सूनबाई आली. चप्पल न काढताच नेहमीप्रमाणे झाडांकडे वळली. तिनं तिरकी ठेवलेली कुंडी पाहिली, कडेची पूड पाहिली, सासऱ्यांकडे पाहिलं.

‘‘तू घातलंस का गं पाणी?’’ त्यांनी विचारलं.

ती कुंडीवर वाकली. ‘‘हो बाबा. सकाळी. सवयीनं हात गेला. चुकले मी.’’

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. ती बोलताना कुंडीशी बोलत होती. कुलूपवाले तिच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिले. एवढी माया या घरात आपल्यावर आहे हे त्यांना याआधी असं कधी कळलं नव्हतं. ‘‘असू दे,’’ ते म्हणाले. दिवसभराच्या इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलून झाल्या, जेवणं झाली.

सकाळी मुलगा लवकर गेला होता. सूनबाई डबा घेऊन निघाली तसे कुलूपवाले तिच्यामागोमाग दारापर्यंत आले. त्यांनी तिचा हात धरला आणि किल्ली त्यात ठेवली.

‘‘बाहेरून लावून जा.’’

‘‘बाबा, असं काय करताय? मी म्हटलं ना, पाणी मीच...’’

‘‘तू गेल्यावर टाकली होती पूड.’’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मान हलवत राहिली. ‘‘एकदा झालं म्हणून काय झालं? बाकी सगळं तर नीट चाललंय तुमचं.’’

‘‘बहुतेक वेळा नीट चालतं,’’ कुलूपवाले म्हणाले. ‘‘असलं कुलूप मी कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही.’’

‘‘मी नाही लावणार. माझा हात नाही व्हायचा.’’

‘‘संध्याकाळी आलीस की मला खाली घेऊन जात जा. बाकावर बसू. चालेल?’’ त्यांनी तिच्या खांद्याला धरून तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं. ‘‘हे बघ, मालक शेजारी उभा असल्याशिवाय मी जन्मात कधी कुलपाला हात लावला नाही. आज या किल्लीचा मालक, मी, इथे उभा आहे. लाव.’’

दार लोटलं गेलं. मग किल्ली आत शिरली, जरा अडखळली आणि फिरली. कुलूपवाले आतून दाराला तळहात टेकून उभे होते. लिफ्टचा आवाज खाली जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग वळून खोलीत गेले. पानं पसरली होती. पेला त्यांनी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, सहज हात पोचणार नाही असा ठेवून दिला.